लाट कोणाची?

नाक्यावरच्या गावाला पाळी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कनेरगाव नाका या नावातच थांबणे आहे. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे वऱ्हाड, अशी हद्द १९४८ सालापर्यंत या मुलखातून गेलेली होती. अशा हद्दींवर करोडगिरीचे नाके असत आणि तेथे कापसाच्या गाड्या, गुरे व माणसे ओळीने खोळंबत. ओळीत उभे राहिलेल्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात. आपल्या पुढे कोण होता हे तो विसरत नाही, आणि मागून येऊन पुढे घुसणाऱ्याला तो क्षमा करीत नाही. आज ज्या तंट्याचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे तो समुद्रावरचा आहे, आणि समुद्र येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही तो आपणांस परका वाटू नये, कारण मुळात तो पाळीचाच तंटा आहे.

समुद्राच्या लाटेवर लाकडाची किंवा फेसाळ रसायनाची फळी टाकून तिच्यावर स्वार होण्याचा एक खेळ आहे. त्यास सर्फिंग म्हणतात. या खेळात आज दोन जाती झाल्या आहेत. पहिल्या जातीचा स्वार फळीवर पालथा पडतो, दोन्ही हातांनी पाणी मारीत लाटेबरोबर वेग घेतो, आणि लाटेने उचलले की झटकन उभा राहतो. दुसऱ्या जातीचा स्वार आरंभापासूनच फळीवर उभा असतो आणि त्याच्या हाती लांब दांड्याचे एक वल्हे असते. बोलण्याच्या सोयीसाठी आपण पहिल्यांना हातवाले म्हणू आणि दुसऱ्यांना वल्हेवाले.

आता तंटा कोठे येतो ते पाहा. लाट खोल समुद्रातून येते तेव्हा ती नुसती एक फुगवटी असते. उथळ पाण्यात आली म्हणजे तिचा माथा पुढे कलतो आणि फुटतो. हातवाल्याचा वेग बेताचा असतो; म्हणून लाट फुटण्याच्या बेतात येते त्या जागी त्याला वाट पाहत बसावे लागते. वल्हेवाल्याची फळी लांब, रुंद आणि जाड असते, ती पाण्यावर अधिक तरंगते; वल्ह्याने तिला वेगही अधिक मिळतो. शिवाय तो उभा असल्यामुळे बसलेल्या माणसाच्या आधी त्याला दूरची लाट दिसते. म्हणून तो बाहेरच, खोल पाण्यातच, लाट न फुटलेली असताना तिच्यावर स्वार होतो. आत वाट पाहणाऱ्या दहा जणांपर्यंत ती लाट पोहोचते तेव्हा तिच्यावर आधीच कोणीतरी बसलेला असतो. एक लाट गेली तर कोणी तक्रार करणार नाही. पण वल्हेवाला झपाट्याने परत बाहेर जातो आणि पुढचीही घेतो. त्यात त्याची जड फळी हातून सुटली तर आतल्या माणसाचे डोके फुटण्याचे भय वेगळेच.

या गर्दीला एक शिष्टाचार आहे. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाशी जो सर्वांत जवळ असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने उडी घेऊ नये. वळसा घालून त्या टोकाशी जाऊन बसू नये. परत बाहेर जाताना स्वारांच्या वाटेतून जाऊ नये. फळी दोरीने पायाला बांधलेली असावी. हे नियम ऐकताना निर्मळ वाटतात. पण मेख अशी की वल्हेवाला यांतील एकही नियम न मोडता सगळ्या लाटा घेऊन जाऊ शकतो. तो टोकाशी सर्वांत जवळ असतो, कारण त्याचे साधनच त्याला तेथे नेते. तेव्हा हातवाले म्हणतात, हा अन्याय आहे. आणि वल्हेवाले म्हणतात, नियम दाखवा. कामगार चळवळीत पंचवीस-तीस वर्षे घालविलेल्या माणसाला हे दोन्ही आवाज ओळखीचे वाटतात.

हातवाल्यांचा दावा असा की आमची रीत प्राचीन आहे आणि वल्हेवाले उपरे आहेत. इतिहास या दाव्याला फारसा आधार देत नाही.

या खेळाचे माहेर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे. कॅप्टन कुकच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली तेथील लोक फळ्यांवरून लाटांवर कसे स्वार होतात याचे वर्णन लिहून ठेवले आहे. स्त्रिया, पुरुष, मुले, सरदार आणि रयत सारेच लाटांवर जात. पण सारे सारख्या फळीवर जात नसत. रयतेची फळी आखूड व पातळ, तिचे नाव अलाइआ. सरदारांची फळी ओलो. ती अठरा फूट व त्याहूनही लांब असे, आणि तिचा मान सरदारांचा होता. ही लांब, तरंगती फळी न फुटलेल्या लाटेवरही चालत असे. म्हणजे जो बाहेरच लाट पकडू शके तो त्या काळी राजा होता, आणि त्याच्याशी भांडण्याचा प्रश्न नव्हता, कारण निषिद्धाचा दंडक पाठीशी उभा होता. हा दंडक १८१९ साली मोडला. १८२० पासून मिशनरी आले, बाहेरून आलेल्या रोगांनी माणसे भराभर मेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाटांवर तुरळक माणसे उरली. प्राचीन रीत म्हणावी तर ती ही होती, आणि तिच्यात समता नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर या खेळाला पुन्हा बहर आला. १९०८ साली गोऱ्या मंडळींच्या पुढाकाराने तेथे एक क्लब निघाला. १९११ साली ड्यूक कहानामोकू व त्याच्या मित्रांनी हवाईयनांचा आपला संघ उभारला, त्याचे नाव हुई नालू. हाच कहानामोकू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याची शर्यत जिंकला आणि पुढे त्याने ऑस्ट्रेलियात सर्फिंग करून दाखविले. त्या काळच्या लांब व जड फळ्यांवर एकाच लाटेवर चार-पाच जण शेजारी शेजारी उभे राहून किनाऱ्यापर्यंत येत आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. एक लाट, एक स्वार हा नियम रुजला तो १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, फळ्या आखूड झाल्यावर. आखूड फळी लाटेवर वर-खाली वळते, तिला सगळी लाट मोकळी लागते. त्याच सुमारास रासायनिक फेसाच्या स्वस्त फळ्यांनी गर्दी वाढली होती. म्हणजे आज ज्या शिष्टाचाराला सनातन समजून हातवाले छातीशी धरतात, तो त्यांच्याच एका नव्या साधनाच्या पोटी जन्मला आहे आणि त्याचे वय जेमतेम साठ वर्षांचे आहे.

वल्ह्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. वायकीकीला पाहुण्यांना लाटांवर नेणारे, शिकविणारे, त्यांच्यावर नजर ठेवणारे स्थानिक लोक होते. त्यांना बीचबॉय म्हणत. हे मजुरीचे काम होते. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील काही जण फळीवर उभे राहून होडीच्या वल्ह्याने चालू लागले. उभ्याने शिकाऊ पाहुणा कोठे आहे हे दिसते, येणारी लाट दिसते, पाहुण्याचे छायाचित्रही काढता येते. तेव्हा आज ज्या वल्ह्याला श्रीमंतांचे खूळ म्हणून नाक मुरडले जाते, ते मुळात एका कष्टकऱ्याने कामाच्या सोयीसाठी हाती घेतलेले अवजार आहे. पुढे २००० सालाच्या आगेमागे लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा या नामांकित हवाईयन स्वारांनी ते पुन्हा उचलले आणि काही वर्षांत ते जगभर गेले. त्याने अनेक म्हाताऱ्या स्वारांचीही सोय झाली. ज्यांच्या गुडघ्यांना झटकन उठणे जमत नाही ते वल्ह्यामुळे पाण्यावर राहिले. अवजारावर राग धरणाऱ्याने एवढे तरी ध्यानी घ्यावे.

गर्दी आणि राग यांचे पर्यवसान कशात होते याचे एक उदाहरण वल्हे पसरण्यापूर्वीचे आहे. १९६६ चा जगज्जेता ऑस्ट्रेलियन स्वार नॅट यंग याला २००० साली अँगुरी येथे लाटेवरून झालेल्या भांडणात जबर मारहाण झाली. त्याच वर्षी त्याने लाटांवरील या संतापावर पुस्तक काढले. पुढे अनेक किनाऱ्यांवर शिष्टाचाराचे नियम पाटीवर लिहून लावण्यात आले. तोंडी चालणारी रीत पाटीवर लिहावी लागली, म्हणजे ती नुसत्या संकोचाने पाळली जाण्याचे दिवस संपले.

वल्हेवाले आल्यावर पाटीनेही भागेना. कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे येथे त्यांच्यासाठी किनाऱ्याचा वेगळा भाग नेमून देण्यात आला. २००८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ठरविले की पोहण्याची आणि लाटांवर खेळण्याची जागा सोडून बाहेर गेलेली वल्ह्याची फळी हे जलयान होय. तेव्हा जलयानाचे नियम तिला लागू. आणि मग तंटा थेट कचेरीत गेला. होड्यांच्या जागतिक महासंघाने म्हटले, हाती वल्हे आहे म्हणून हा खेळ आमचा. सर्फिंगच्या महासंघाने म्हटले, पायाखाली फळी आहे म्हणून आमचा. २०२० साली क्रीडा लवादाने निकाल दिला की ऑलिंपिकच्या पातळीवर या खेळाचा कारभार सर्फिंगच्या महासंघाने पाहावा. स्पर्धा मात्र दोघांनाही भरविता येतील. वल्ह्याने फळीला हरविले की फळीने वल्ह्याला, हे पंचांना बसून ठरवावे लागले!

हे सारे ऐकून आपल्यापैकी एखादा म्हणेल, रिकामपणाचे भांडण आहे हे. खेळापुरते पाहिले तर आहेही. परंतु हेच भांडण आपल्या मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर पोटासाठी झाले आहे आणि अजून मिटलेले नाही. आज गोव्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या शाळा आहेत, फळ्या भाड्याने मिळतात. त्याच गोव्याच्या वाळूवर पिढ्यान् पिढ्या रापण ओढली गेली. म्हणून आता खेळाकडून पोटाकडे वळू.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढण्याचे प्रचंड जाळे. होडी ते जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग वाडीतील माणसे दोन बाजूंना उभी राहून ते तासन् तास ओढतात. बांगडा आणि तारली यांचे थवे आपणहून किनाऱ्याकडे येतात, त्यांना रापण अडविते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, आणि ओढणाऱ्या हातांचा. दोराला हात लावणाऱ्याने रिकाम्या टोपलीने परत जाऊ नये, अशी तेथील रीत आहे. गोव्यात अशा लोकांना रापणकार म्हणतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे त्यांचे रापण संघ आहेत. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रापणकार हा वाट पाहणारा आहे. थवा आत येईल तेव्हाच त्याचे जाळे चालणार. फुटणाऱ्या लाटेपाशी बसलेला तो हातवाला आणि वाळूवर थव्याची वाट पाहणारा हा रापणकार, दोघे एकाच जागी बसले आहेत.

गोव्यातील पोर्तुगीज सत्ता डिसेंबर १९६१ मध्ये संपली, आणि त्या दशकात तेथे यांत्रिक ट्रॉलर आले. सरकारने त्यांना कर्जे व अनुदाने दिली. हेतू चांगला होता: उत्पादन वाढावे, परकीय चलन यावे. पण ज्याच्यापाशी तारण होते त्यालाच कर्ज मिळाले, आणि पुष्कळ ट्रॉलर मासेमारीशी पिढीजात संबंध नसलेल्या पैसेवाल्यांच्या हाती गेले. ट्रॉलर समुद्राच्या तळावरून जाळे खरडत नेतो. त्यात लहान पिल्लेही येतात. मागून पर्ससीन जाळे आले. ते थव्याभोवती गोल टाकतात आणि चंचीची दोरी ओढावी तशी खालची दोरी ओढून त्याचे तोंड मिटतात. सगळा थवा एका दमात उचलला जातो, तोही बाहेर, किनाऱ्याला येण्यापूर्वी. वाळूवर दोर धरून उभ्या असलेल्या शंभर हातांपर्यंत काही पोहोचतच नाही. समुद्र सर्वांचा आहे असे ट्रॉलरचा मालक म्हणे, आणि ते खोटे नव्हते. पण सर्वांचा समुद्र त्या शंभर हातांच्या आधी त्याच्या एकट्याच्या जाळ्यात रिकामा होत होता.

१९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याचे रापणकार संघटित झाले. त्यांच्या एकवटाचे पुढारी माथानी सालढाणा हे पेशाने शिक्षक होते. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात चकमकीही झाल्या. १९७८ साली देशातील पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, त्यात गोव्याच्या मंडळींचा पुढाकार होता. मागणी साधी होती: किनाऱ्यालगतचे पाणी हातांच्या मासेमारीसाठी राखा. १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, आणि किनाऱ्यालगतच्या पाच किलोमीटरांच्या पट्ट्याची मागणी त्याच्या आधारे उभी राहिली. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. आपल्याकडे हद्द पाण्याच्या खोलीने आखली, काही भागांत पाच वाव तर काही भागांत दहा वाव. सॅन ओनोफ्रेला फळ्यांसाठी जे केले गेले, ते येथे जाळ्यांसाठी आधीच झाले होते.

मग तंटा का मिटला नाही? कारण पाण्यावर रेघ ओढता येत नाही, आणि रात्री तर ती दिसतही नाही. हद्द मोडणाऱ्याला पकडायला गस्तीची नौका पाहिजे, ती चालवायला माणूस पाहिजे, आणि दंड असा पाहिजे की तो धंद्याचा किरकोळ खर्च वाटू नये. मालवणच्या समुद्रात वर्षानुवर्षे मच्छीमारांनी स्वतःच हद्द राखण्याचा यत्न केला आणि त्यात स्वतःवर खटले ओढवून घेतले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्राने पर्ससीनचे परवाने कमी करीत नेण्याचे व त्यांचा हंगाम आखण्याचे ठरविले. २०१७ साली केंद्र सरकारने समुद्रात प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले, आणि प्रकरणे तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आली. पहिल्या कायद्यापासून या दुरुस्तीपर्यंत चाळीस वर्षे लोटली. या चाळीस वर्षांत किती रापणी वाळूवर कुजल्या याचा हिशेब कोणत्याही खात्याने ठेवलेला नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. ट्रॉलरवर राबणारा खलाशी हा ट्रॉलरचा मालक नव्हे. तो कर्नाटकातून येतो, नेपाळातून येतो, महिनेमहिने पाण्यावर राहतो आणि वाट्याची नव्हे, मजुरीची आशा धरतो. समुद्रातल्या दगडफेकीत डोके फुटते ते याचे. हक्काची लढाई लढताना समोरच्या होडीत बसलेला माणूस आणि त्या होडीचा धनी यांतील भेद जो विसरतो, तो मजुराला मजुराशी झुंजवितो. वायकीकीचा वल्हेवाला मजूर होता, हे मी मघाशी एवढ्यासाठीच सांगितले.

आता या इतिहासातून काय घ्यावे? शिष्टाचार साधने सारखी असतात तोवर चालतो. सामाईक विहिरीवर सगळ्यांच्या मोटा होत्या तोवर पाण्याची पाळी तोंडी चाले. एकाने इंजिन बसविले, त्या दिवशी पाळीची वेळ तीच राहिली पण पाणी राहिले नाही. इंजिनवाल्याने नियम मोडला नव्हता. नियमच मोटेच्या मापाने केलेला होता. म्हणून नवे अवजार आले की जुन्या रीतीची दुहाई देऊन भागत नाही, आणि नव्या माणसाच्या सभ्यतेवर विसंबूनही भागत नाही. माप नव्याने ठरवावे लागते. पाळी वेळेची होती ती पाण्याची करावी लागते. पाळी टोकाशी कोण जवळ आहे याची होती, ती कोणी किती लाटा घेतल्या याची करावी लागते. शहाणे वल्हेवाले आज हेच सांगतात: तुला दहा मिळू शकतात म्हणून दहा घेऊ नकोस, दोन घे, तीन आत जाऊ दे. पण हे सांगणे शहाण्यांपुरते राहते. सर्वांपुरते व्हायचे तर बसून, बोलून, लिहून ठरवावे लागते, आणि ठरलेले पाळवून घेणारी संघटना लागते.

मराठवाड्यातील मोंढ्यांत हमालांच्या टोळ्या पाळीने गाडी घेतात हे आपण पाहिले आहे. एका मोंढ्यात पोती चढविण्याचा यांत्रिक पट्टा आला, तेव्हा आमच्यातील तरुण पट्टा तोडायला निघाले होते. जुन्या मुकादमाने त्यांना थांबविले आणि व्यापाऱ्यांपुढे एकच मागणी ठेवली: पट्टा येऊ द्या, पण तो टोळीच्या पाळीत उभा राहील, त्यावर टोळीचीच माणसे राहतील, आणि वाराई पोत्यावर मिळेल. तीन बैठका झाल्या, चौथ्या बैठकीत लेख झाला. या बैठका शक्य झाल्या, कारण १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला नाव, नोंद आणि मंडळ दिलेले होते. ज्याची नोंद नाही त्याच्याशी कोणी करार करीत नाही. त्याला फार तर कोणी सभ्यपणाने बाजूला व्हायला सांगतो.

रापणकाराला कायदा मिळाला, पण तो मोडणाऱ्याची नौका बंदरात अडविण्याचे बळ त्या कायद्याला अपुरे पडले. मालवणच्या बंदरावर आज कोणी विचारील तर ऐकू येईल ती मागणी दयेची नाही, गस्तीच्या नौकेची आहे. आपल्या मोंढ्यात, आपल्या शेतात आणि आपल्या रस्त्यावरही रोज नवी अवजारे येत आहेत. त्यांना अडविण्यात आपला दिवस जाऊ नये. ती कोणत्या मापाने पाळीत उभी राहतील, आणि पाळी मोडली तर दंड कोण वसूल करील, हे अवजार दाराशी येण्यापूर्वीच विचारून ठेवावे, एवढीच माझी विनंती आहे.